काचेच्या कपाटातला पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. हातपंपाचे नट खोलायचा, हातभर लांब, लोखंडी. सध्या मी एका कॉलेजात काचेच्या कपाटात टांगलेला आहे. मला तेल लावलेले आहे, अंगावर गंजाचा ठिपका नाही. तरी माझे बरे चाललेले नाही. का, ते सांगतो.

मी कारखान्यातून आलो, पण मला कामाचे केले ते खुशालभाऊंनी. त्यांची बायको बायनाबाई आमच्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, हातपंप दुरुस्त करायची. शिबिरात ती हे काम शिकली आणि तिथेच मी तिच्या हाती आलो. आमच्या पंपाचे नट झिजून गोल झाले होते. कुठलाही पाना त्यांवरून घसरायचा. मग खुशालभाऊंनी मला आरमोरीच्या लोहाराकडे नेले आणि माझे तोंड ठोकून बारीक करून आणले. तेव्हापासून ते नट फक्त माझेच ऐकतात. बायनाबाई मला फिरवायची आणि खुशालभाऊ पंपाची साखळी ओढून धरायचे.

"जोर लावा जी, जेवले नाई का?" ती म्हणायची. ते हसायचे आणि जोर लावायचे. वीस वर्षे असे चालले.

मग नागसेन सर आले. त्यांच्या कॉलेजात नवा विषय सुरू होणार होता. मुलांनी गावात सेवा करायची, त्यातून शिकायचे आणि त्याचे गुण मिळवायचे. हा विषय कसा आखावा ते विचारायला सर कागद घेऊन पंपाच्या ओट्यावर बसले.

"जानेवारी ते एप्रिल मुलं येतील, बाई," सर म्हणाले.

"बोरिंग मे महिन्यात बिघडते, सर. तवा तुमचे पोट्टे कुठी रायते?"

"तेव्हा सुट्टी असते."

"मंग सेवा काऊन म्हनता? सहल म्हना ना."

सर हसले. मग त्यांनी लिहिलेले खोडले. त्या दिवशी ओट्यावर दोन नियम ठरले. मुलांनी मे महिन्यात आठ दिवस टोल्यावर राहायचे. आणि निम्मे गुण टोल्यावरच्या बाया देणार. पाणी आले तर पास, नाही आले तर पुन्हा खोला.

ती तीन वर्षे मी विसरणार नाही. मयुरी नावाच्या मुलीने चामड्याचा वायसर उलटा बसवला. दांडा मारून मारून हात दुखले, पण पाण्याचा थेंब नाही.

"पोरी, उलटी टोपी घातली तू त्याले," बायनाबाई म्हणाली. "आता बाया तुले शून्य देतीन."

मयुरी रडली. मग डोळे पुसून तिने सगळा पंप पुन्हा खोलला. दिवस कलताना पाणी आले आणि बायांनी तिला पूर्ण गुण दिले. तिच्या हाताला फोड आले होते. माझ्या दांड्यावर तिचे रक्त लागले होते.

पुढे नागसेन सरांची बदली झाली. कुलदीप सर आले. त्यांनी विषय नव्याने आखला. मे महिना काढला. बाया अडाणी, असे म्हणून त्यांनी गुण द्यायचे हेही काढले. त्याऐवजी जानेवारीत दोन भेटी, वीस पानांचा अहवाल आणि बारा फोटो. पंचेचाळीस मुलांनी मला हातात धरून फोटो काढले. एकानेही एक नट खोलला नाही.

पोळ्यानंतर कॉलेज तपासायला समिती येणार होती. प्रदर्शनात मांडायला सरांनी मला मागून नेले.

"दोन दिवसांत आणून देतो, बाई."

"याद करून देजा, सर. माहा हातच हाय तो." तिने मला पदराने पुसले आणि दिले.

समितीने कौतुक केले. मी कपाटातच राहिलो. त्या जानेवारीत कॉलेजने दुसरे गाव निवडले, कारण आमच्या टोल्याचा अहवाल झाला होता.

मे महिन्यात खुशालभाऊ आले. खूप वाळले होते. शिपाई भैयाजींना त्यांनी सांगितले, "भाऊ, पाना पायजे. बोरिंग बंद हाय. बाया नाल्यात झरा खोदून राह्यल्या."

"किल्ली सराजवळ हाय. सुट्ट्या लागल्या ना. जूनमधी या."

"मंग काच फोडू का?"

"फोडा, अन् मायी नोकरी खा."

भैयाजींनी सरांना फोन लावून दिला. सर म्हणाले, "भाऊ, बाजारातून नवा घ्या ना."

"नवा घसरते, सर. हाच लागते."

"बघू, जूनमध्ये बघू. आणि बायनाबाईंना माझा नमस्कार सांगा."

दिवाळीच्या आधी तिला ताप आला होता आणि पाचव्या दिवशी ती गेली होती. ती नाही हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून तेव्हाच कळले; तापाचे त्यांनी भैयाजींना नंतर सांगितले.

"सांगतो," खुशालभाऊ म्हणाले.

त्यांनी फोन परत दिला. माझ्याखालची पाटी वाचली. तीत कॉलेजचे नाव आहे, सरांचे नाव आहे. तिचे नाही. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि ते रिकाम्या हाताने टोल्यावर गेले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कॉलेजात जाल. कुणी असा विषय शिकाल, कुणी आखाल. तेव्हा गावाला आधी विचारा, पंप कोणत्या महिन्यात बिघडतो. आणि कुणाचे हत्यार मागून आणले, तर ते परत द्यायला स्वतः जा. दोन दिवस म्हणाला असाल तर दोन दिवसांतच जा. तुमची सुट्टी संपेपर्यंत देणारे माणूस असेलच असे नाही.