नकाशात नसलेली हीर

बसा असं पाव्हणं, चहा येऊनच राहिला. कुरुंद्याकडच्या एका गावाची गोष्ट सांगतो. गावाचं नाव विचारू नका. निजामाच्या राज्यातली आहे, आन पाण्याची आहे. हसायचं तर हसा, पर मधी उठू नका.

सरकारी मोजणीला आलेल्या शकील पैमाशवाल्यानं दोरीला बांधलेला शिशाचा गोळा चौकातल्या हिरीत सोडला. दोरी सरसर खाली गेली, डुब्ब आवाज आला, तशी त्यानं दोरी चिमटीत धरली आन गाठी मोजून कागदावर टिपलं. काठावर निम्मं गाव उभं.

"साहेब, मासा लागला का न्हाई?" सटवाजीनं विचारलं.

"लागला ना," शकील वर न बघता म्हणला. "पर तुमच्या सगळ्या हिरींत मिळून एकच दिसतोय."

लोक हसले. त्याचा अर्थ तवा कुणाला कळला न्हाई.

आदल्या साली पटकी आली व्हती. एका घरातून एक मयत निघावं तवर दुसऱ्या घरात रडारड. मग सरकारनं ठरवलं, गावात नाली काढायची, घराघराचं सांडपाणी एका शोषखड्ड्यात न्यायचं. पर त्याच्या आधी नकाशा पायजे. हिरी कुठं, पाणी किती खोल, उतार कुणीकडं. आन हुकूम असा की नकाशा दफ्तरात कोंडून ठेवायचा न्हाई. चावडीच्या भिंतीला लावायचा. ज्याचं पाणी, त्याला दिसलं पायजे.

नकाशा झाला तवा शकीलनं तो चावडीत मेजावर पसरला. पाव्हणं, त्या लोकांनी आपलं गाव कधी वरून बघितलंच नव्हतं. घारीला दिसतं तसं गाव समोर पडलेलं. गल्ल्या, ओढा, मशीद, देऊळ, आन एकेका हिरीला निळा ठिपका. एका म्हाताऱ्यानं पायातलं जोडं काढून बाहेर ठेवलं.

"माझं घर येवढंच व्हय?" सटवाजी कुजबुजला.

"घर तेवढंच आहे," दारातून खुर्शीदबी मणेरीण म्हणली. बांगड्यांची पेटी डोक्यावर तशीच. "तोंड तेवढं नकाशात मावलं न्हाई."

मग शकीलनं निळ्या शाईच्या रेघांवर बोट फिरवलं. जिथं जिथं पाणी सारख्या उंचीला लागलं, ती ठिकाणं एकमेकांना जोडत त्यानं रेघा ओढल्या व्हत्या. पाण्यात खडा टाकल्यावर कडी उठतात ना, तशी त्या रेघांची कडी झाली व्हती. एकात एक. आन सगळ्या कड्यांच्या मधोमध कोरी जागा. मार्तंडरावाच्या गोठ्यामागची.

"सगळं पाणी इथून गावात उतरून राहिलं," शकील म्हणला. "इथं हीर पायजे. मला कुणी दाखवली काहून न्हाई?"

आन शोषखड्डा नेमका तिथंच ठरला व्हता. जागा मार्तंडरावानं फुकट दिली व्हती.

"बघा," शकील सगळ्यांकडं बघून म्हणला, "खाली नुसती माती असंल तर तकलीफ न्हाई. माती घाण गाळून घेती. पर खाली दगडांनी बुजवलेली हीर असली, तर घाण सरळ झऱ्यात जाईल. आन झरा तर तुमच्या सगळ्या हिरींत जातो. मागच्या सालासारखं परत व्हईल. म्हणून विचारतो."

जाणती माणसं खाली बघायला लागली. पोरांना तर काही ठाऊकच नव्हतं.

"आमच्या आज्यापासून मोकळी जागा आहे ती," मार्तंडराव म्हणला. "लिहून घ्या."

आता तुमाला सांगतो, पाव्हणं. त्या भागात तवा एक रीत व्हती. हिरीत बाईमाणूस गेलं की ती हीर बुजवायची, आन त्या बाईचं नाव बी तिच्याबरोबर बुजवायचं. घरात काढायचं न्हाई, नव्या लेकराला ठेवायचं न्हाई. मार्तंडरावाची धाकटी बहीण अनुसया. सासरहून परत आली, आन एका दुपारी हिरीवर गेली ती गेलीच. पाय घसरला म्हणणारे व्हते, दुसरं म्हणणारे बी व्हते. बापानं गाड्या भरभरून दगड आणले. तवापासून तिथं हीर नव्हती आन घरात अनुसया नव्हती.

आन हे सगळं आत्ताच उकरायचं, तर मार्तंडरावाच्या पोरीची सोयरीक आखाडा बाळापूरला ठरत आलेली. पाव्हण्यांच्या कानावर गेलं तर?

दुपारी तो जेवायला बसला. थोरली बहीण पार्वतीबाई वाढत व्हती. धनी गेल्यापासून ती भावाकडंच राहायची. एक नातू व्हता तिला, मागच्या साली पटकीत गेलेला.

"अक्का, तू काही बोलू नको," तो म्हणला. "पोरीचं एवढं पार पडू दे."

तिनं तांब्या भरून समोर ठेवला. त्यानं उचलून घटाघटा पिला तवर बघत राहिली.

"गोड लागलं का रे?"

"आपलं पाणी कवा खारं व्हतं?"

"न्हाई. कुठून येतंय ते आज कळलं, म्हणून विचारलं."

मार्तंडरावानं तांब्या खाली ठेवला. भाकरी तशीच टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतीबाई चावडीची पायरी चढली. बाया चावडीत जात नव्हत्या, पाव्हणं. म्हणून सोबतीला खुर्शीदबीला घेतली व्हती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती मेजापाशी गेली आन बराच वेळ त्या कड्यांकडं बघत राहिली. जिचं नाव घरात कुणी काढलं न्हाई, तिच्याभवती सगळं गाव कडं करून उभं व्हतं. कागदावर.

"साहेब, बोट वल्लं आहे माझं. चालंल का?"

"चालंल, अम्मा."

तिनं तरी बोट पदराला पुसलं, आन कोऱ्या जागेवर ठेवलं.

"इथं हीर आहे. दगडांनी बुजवलेली. आमीच बुजवली."

का बुजवली, शकीलनं विचारलं न्हाई. टोपी सारखी केली, म्हणला, "बराबर," आन खड्ड्याची खूण खोडून ओढ्याच्या पल्याड नेली. मग कोऱ्या जागेत निळा ठिपका दिला. तो ठिपका पडला तसा नकाशा पुरा झाल्यासारखा दिसला. खुर्शीदबीनं पेटी खाली ठेवली.

"हिरीचं नाव?"

"नाव न्हाई तिला." दारात मार्तंडराव उभा व्हता. धावत आलेला, डोक्याला पटका न्हाई.

"सगळ्या हिरींना आहे," शकील म्हणला. "चौकातली. थोरली. मणेराची." आन टाक तसाच धरून थांबला.

पार्वतीबाईनं भावाकडं बघितलं न्हाई. "अनुसया," ती म्हणली. मग टाकाकडं बघत पुन्हा म्हणली, "अनुसयाची हीर."

शकीलनं उर्दूत लिहिलं. सरकारी काम, सगळं उर्दूतच. मार्तंडरावानं वाकून ती वळणं बघितली. गावात वाचणार कोण? त्याचा जीव भांड्यात पडला. तसाच निघून गेला.

नकाशा भिंतीला लागला. लांबून लांबून लोक यायचे, आपलं घर शोधायचे, हात न लावता बोट दाखवायचे. ओढ्यापल्याड खड्डा झाला. बाळापूरचे पाव्हणे आले, पाणी पिऊन, पान खाऊन गेले. कुणी काही विचारलं न्हाई. लगीन पार पडलं.

त्यानंतरची गोष्ट. भर दुपारी चावडी रिकामी, आन खुर्शीदबी बांगड्या विकून रस्त्यानं चाललेली. आतून हाक आली.

"खुर्शीदबी, तुला उर्दू वाचता येतं का?"

"घरात वडलांनी शिकवलं व्हतं. काहून, मार्तंडराव?"

तो नकाशासमोर उभा व्हता. "ते मधलं वाच."

खुर्शीदबीला वाचायची गरज नव्हती. अनुसयाच्या हातात लग्नाचा चुडा तिनंच भरला व्हता. तरी ती जवळ गेली आन अक्षरावर डोळे ठेवून हळूच वाचलं, "अनुसया की बावडी."

मार्तंडराव नकाशाकडंच बघत राहिला. तिला वाटलं, चुकलं आपलं. पेटी उचलायला वाकली.

"हळू काहून वाचून राहिली?" तो म्हणला. "पुन्हा वाच."

तर पाव्हणं, तुमी शिकलेली माणसं, तुमाला त्या जुन्या दफ्तरांत जाऊ देतेत. तो नकाशा कुठं तरी गुंडाळून पडला असंल. गावला तर नुसता बघून ठेवून देऊ नका. मधलं नाव वाचा. जरा मोठ्यानं वाचा.