दोन थापा आणि एक

मार्डेलच्या घरात मांजर नव्हतं, कधीच नव्हतं. तरी गेली काही वर्षं रोज दुपारी तीनच्या सुमाराला, बाहेरच्या उन्हाचा नाहीतर बर्फाचा उजेड खिडकीतून आत आला, की तिच्या दिवंगत नवऱ्याच्या हिरव्या खुर्चीवर एक मांजर नख्या घासायला यायचं. दिसायचं काही नाही. नुसता आवाज. थप, थप. मग जरा थांबून, थप.

ओरखड्यांचा आवाज नव्हे हां. नख्या असत्या तर कापड खरखरलं असतं. हा आवाज अगदी मऊ, उशीवर बोटं आपटल्यासारखा. ज्याच्या नख्या काढून टाकल्यात त्या मांजराचा. हे मार्डेलला कुणी सांगायला नको होतं. एकतीस वर्षं तिने विस्कॉन्सिनच्या त्या तळ्याकाठच्या गावात, प्राण्यांच्या दवाखान्यात नोकरी केली होती आणि असल्या शेकडो मांजरांचे पाय टेबलावर धरून ठेवले होते. त्यातलं हे कुठलं, एवढंच तिला कळत नव्हतं. आधी तिने उंदीर समजून पिंजरे लावले. मग मुलाने तिला नेऊन तिचे कान तपासून आणले. कान ठणठणीत निघाले, मेले! शेवटी तिने खुर्चीच्या हातावर जाड गोधडी टाकली. आवाज गोधडीतूनही येत राहिला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी तिची मैत्रीण डोरिन आली. एका हातात बटाट्या-खिम्याचं भाजलेलं भांडं, दुसऱ्या हातात टोपली, आणि टोपलीत चार महिन्यांचं तांबूस पिल्लू. दोघींची चाळीस वर्षांची मैत्री. चर्चमध्ये दर रविवारी एकाच बाकावर बसायच्या.

"ही टॉफी," डोरिन बूट काढत म्हणाली. "बघ तरी कशी नाटकी आहे! आणि ऐक, घर मिळालं मला. मुलीच्या अगदी जवळ, जिना नाही, काही नाही. एकच अट आहे. मांजर चालेल, पण नख्या काढलेलं हवं. करारातच लिहिलंय. गुरुवारी नेतेय हिला."

मार्डेलने कॉफी ओतता ओतता हात थांबवला.

"तूही चल ना गं," डोरिन म्हणाली. "तुझ्या हातात जनावरं शांत राहतात."

"डोरिन, नको नेऊस."

"का?"

"नख्या नको काढूस तिच्या."

डोरिन हसली. "अगं, तूच सांगितलं होतंस ना मला? नखं कापण्यासारखंच असतं, आठवड्यात पळायला लागेल म्हणून! क्लोव्हरच्या वेळी."

सांगितलं होतं. शब्दन् शब्द. दवाखान्यात तेव्हा नसबंदीच्या अर्जावरच खाली नख्यांसाठी एक चौकोन असायचा. एका भुलीत दोन्ही कामं उरकायची, गावात सगळेच तसं करायचे. मार्डेल फोनवर बोलता बोलता त्या चौकोनात आपल्याच हाताने खूण करून टाकायची. कुणी विचारलंच तर 'नखं कापण्यासारखं' म्हणायची, नाही विचारलं तर तेही नाही. क्लोव्हर हे डोरिनचं आधीचं मांजर, आणि त्याच्या अर्जावरची खूणही मार्डेलचीच होती.

मग क्लोव्हर घरी गेली आणि वाळूच्या डब्यात पाय ठेवीना. गादीवर मुतायची. हात लावला की चावायची. एकदा डोरिनच्या नवऱ्याचा अंगठाच फोडला. तो वैतागून तिला प्राण्यांच्या आश्रयगृहात सोडून आला, आणि चावरं मांजर कोण नेणार? आठवड्याभरात तिला कायमची झोपवणारी सुई दिली. डोरिन आज अकरा वर्षं म्हणत आली होती, 'माझं मांजर वाईट निघालं.' आणि मार्डेल तिच्या शेजारी बसून मान डोलावत आली होती. लाज कशी वाटली नाही बाईला!

वाटत होती. म्हणून तर तोंड उघडत नव्हतं. पण आता टोपलीतून ते पिल्लू पंजा बाहेर काढून हवेत खेळत होतं आणि गुरुवार परवावर आला होता.

मार्डेलने डोरिनचं बोट हातात घेतलं आणि शेवटच्या पेराच्या सांध्यावर नख रुतवलं.

"इथून," ती म्हणाली. "नख नाही गं कापत. हाड कापतात. हे पेरच्या पेर. पुढच्या दोन पायांची मिळून दहा. स्टीलच्या ताटलीत पडायची ती, आणि मी उचलून फेकायची."

डोरिनने बोट ओढून घेतलं.

"तिला घरी नेताना तुला एक कागद दिला होता, आठवतंय? दहा दिवस वाळूऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे घाला. का, ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. वाळू जखमेत जाते. क्लोव्हरची जखम वरून भरली, पण आत हाडाची कपची राहिली असणार. तू टाके दाखवायला आणलंस तेव्हाच मला दिसलं होतं, ती पाय धड टेकत नव्हती. मी डॉक्टरांना काही बोलले नाही. खोडकर नव्हती ती, डोरिन. दुखत होतं तिला."

डोरिनने समोरचा कप लांब सारला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "अकरा वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसतेस! त्या मुक्या जीवाला मी शिव्या घातल्या गं. पेपर गुंडाळून मारलंय मी तिला, गादी ओली केली म्हणून. आणि तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

डोरिन उठली, कोट शोधायला लागली, डोळ्यांत पाणी आल्याने तिला बाही सापडेना. मार्डेलला तिला थांबवायचं होतं, पण कुठल्या तोंडाने?

तेवढ्यात तीन वाजले.

थप, थप. थप.

डोरिन अर्धा कोट घातलेली तशीच उभी राहिली. टोपलीतल्या टॉफीने कान टवकारले. आजवर तो आवाज मार्डेलशिवाय दुसऱ्या कुणालाच ऐकू आला नव्हता.

थप, थप. थप.

"कोण आहे तिथे?" डोरिनने विचारलं.

"तुला येतोय ऐकू?"

"उजवा, उजवा," डोरिन पुटपुटली, "आणि मग जपून डावा. डाव्यावर भार द्यायची नाही ती." तिचा आवाज फुटला. "अगं, ही माझी क्लोव्हर आहे!"

मार्डेल खाली बसली. शेकडोंमधली कुठली, हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि चालायची ढब तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"पण तुझ्याकडे का?" डोरिन रडत रडत भांडायला उठली. "माझं मांजर, माझ्या घरी का नाही आलं?"

"तुला माहीत नव्हतं म्हणून," मार्डेल म्हणाली. "मला माहीत होतं."

टॉफी टोपलीतून उतरली. शेपूट उभारून खुर्चीपाशी गेली, रिकाम्या हवेला नाक लावून हुंगलं, आणि मागच्या पायांवर उभी राहिली. तिच्या ओढाताणीने गोधडी खाली घसरली. मग तिने हिरव्या कापडात दोन्ही पंजे रोवले आणि खर्रर्र करून खाली ओढले.

"टॉफी, नको! मार्डेल, खुर्ची फाटतेय गं तुझी!"

"फाटू दे," मार्डेल म्हणाली.

डोरिनने भिंतीवरचा फोन उचलून दवाखान्याचा नंबर फिरवला. "गुरुवारचं रद्द करा. नाही, दुसरी तारीखही नको. नख्या राहू देत तिच्या." मग फोन ठेवून ती भिंतीलाच म्हणाली, "घराचं बघू काहीतरी. जिना चढेन अजून दहा वर्षं." टोपली उचलली आणि मार्डेलकडे न बघता निघून गेली. रविवारचं काही बोलली नाही. भांडंही मागे राहिलं.

दुसऱ्या दिवशी मार्डेल अडीचपासून खुर्चीसमोर बसून होती. तीन वाजले, सव्वातीन झाले. फाटलेल्या कापडाचे दोरे लोंबत होते, बाकी शांत. हीच शांतता इतकी वर्षं मागितली होती, आणि आता तिला ती सोसवेना.

फोन वाजला.

"आलीय," डोरिन दबक्या आवाजात म्हणाली. "सोफ्यावर. दोन आणि एक. टॉफी तिच्यासमोर बसून बघतेय." मग तिने विचारलं, "काय करू गं आता मी?"

मार्डेलने डोळे पुसले.

"डब्यातली वाळू काढ," ती म्हणाली, "आणि कागदाचे तुकडे घाल. तिला टोचतं."