दुखतंय का?

नवऱ्याचा समोरचा दात महिनाभर ठणकत होता, आणि त्या दातावरच त्यांची चूल पेटत होती. तो एका हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. ट्रम्पेट ओठांनी वाजतं असं आपण समजतो, पण ओठांना मागून आधार लागतो दातांचा. दात गेला की सूर गेला. खोटा बसवून पुन्हा सूर लागायला वर्ष जातं, आणि हॉटेलवाला काही सासरा नव्हता वाट बघायला. दात बरा करायला त्याने आठच दिवस दिले होते.

सरकारी दवाखान्यात दात उपटणं फुकट, तेही त्याच दिवशी. दात वाचवणं, म्हणजे रूट कॅनल, तेही फुकटच, फक्त नंबर अकरा महिन्यांनी. ज्याला दुखणं अगदीच सोसत नाही त्याला मात्र त्याच आठवड्यात घेत. ते ठरवायची रीत सोपी होती. डॉक्टरीणबाई दातावर बारीक दांडीने ठोकायच्या. माणूस कळवळला तर तातडी, नाहीतर रांग.

बायकोला हे कुठे ठाऊक होतं? नवऱ्याने भिंतीला गाल लावून रात्र काढलेली तिने पाहिली होती, आणि सकाळी दवाखान्याच्या बाकावर चार तास काढायचे होते. गोळीचं नाव काढलं की तो भडकायचा. गोळीने ओठ बधिर होतात, हे त्याचं खूळ! म्हणून तिने दोन गोळ्या कुटून गुपचूप दुधात घातल्या, वर साखर लोटली.

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी ठोकून विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि महिन्यात पहिल्यांदा हसला. "आज बरं वाटतंय."

कागदावर अकरा महिन्यांनंतरची तारीख पडली. ठोकल्यावर कळवळला असता तर याच आठवड्यात घेतलं असतं, हे बायकोला तेव्हा कळलं. ती खिडकीवरच्या कारकुनाकडे धावली.

"साहेब, मी दुधातून गोळी दिली होती हो! त्यांना खूप दुखतंय."

"नोंद झाली की झाली, बाई. फेरतपासणी तीन महिन्यांनी."

नवरा मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता म्हणाला, "चल."

खाजगी दवाखान्याच्या बोर्डावर रूट कॅनलचा आकडा होता. घरभाड्याचे पैसे घातले तर जेमतेम जमत होतं. आत गेल्यावर कळलं, तो आकडा नुसता मुळाचा. एक्स-रे वेगळा, औषधं वेगळी आणि वरची कॅप तर दुप्पट. कॅप नाही बसवली तर दात चार महिन्यांत फुटणार. सगळं मिळून तीन महिन्यांची कमाई.

"हप्त्याने घ्याल का?" तिने विचारलं.

"घेऊ की," काउंटरवरची मुलगी गोड बोलली. "पगाराचा दाखला आणा."

बँडवाल्याला कुठला दाखला? तिने बहिणीला विचारलं, दिराला विचारलं, ज्या लाँड्रीत ती इस्त्री करायची तिथल्या मालकालाही विचारलं. सगळ्यांनी हळहळ मात्र भरपूर दिली.

पाचव्या दिवशी नवऱ्याचा चेहरा सुजून डोळा मिटला. दोघं पुन्हा सरकारी दवाखान्यात गेली. या वेळी ठोकायची गरजच पडली नाही.

"आता वाचवण्यात अर्थ नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुळाशीच पू झालाय. काढावाच लागेल, आत्ताच."

संमतीच्या कागदावर घरच्या माणसाची सही हवी होती. तिने पेन खाली ठेवलं.

"अहो, माझ्यामुळे झालं हे. मला काहीतरी बोला तरी!"

"तू माझं दुखणं थांबवायला गेलीस," तो सुजल्या तोंडाने कसाबसा म्हणाला. "कर सही."

तिने सही केली. तो आत गेला, दार लागलं. कारकून उरलेले रकाने भरू लागला. नाव झालं, वय झालं, पत्ता झाला.

"काय करतात हे?"

आत लोखंडी भांड्यात काहीतरी टणकन पडलं.

"काही नाही," ती म्हणाली. "घरीच असतात."