उन्हातली पोरगी

नागपुरात उन्हाचं कौतुक करणारी गाणी लिहायला माणूस एकतर प्रेमात हवा, नाहीतर त्याच्या घरी एसी हवा. प्रशिककडे एसी होता. प्रेम माझ्यावर आहे असं मी धरून चालले, हा माझा मूर्खपणा.

रामदासपेठेत मी ज्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते, तिच्या वरच्या मजल्यावर त्याचा गिटारचा क्लास. मे महिन्यात दुपारी आम्ही खालच्या रसवंतीत भेटायचो. मेमध्ये इथल्या मुलींचे फक्त डोळे घराबाहेर पडतात, बाकी सगळं दुपट्ट्यात. मीही दुपट्ट्याखालून स्ट्रॉ सरकवून रस प्यायचे. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या ओठापासून कानापर्यंत कोडाचे पांढरे डाग आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो एकेक गाणं मोबाइलवर पाठवायचा. मी ते घरी जाताना कोराडीच्या बसमध्ये ऐकायचे. बाहेर वीजकेंद्राकडे जाणारे कोळशाचे ट्रक आणि राखेची धूळ, कानात गोड गिटार, कोवळं ऊन आणि त्यात हसणारी मुलगी. सात गाण्यांत कुणाला एकदाही घाम येत नाही! मला हसू यायचं. मग तेच गाणं मी पुन्हा लावायचे, कारण ती मुलगी मी होते. असं ऊन कुणाला नको असतं?

"त्याले सांगून टाक वं," आई म्हणाली. "पाहून टिकला तर तुझा, पळाला तर पीडा गेली."

अल्बम निघाला त्या दुपारी त्याने एका कॅफेत चाळीसेक लोक बोलावले. "जिच्यावर गाणी लिहिली, ते इथंच बसून आहे," म्हणत मला पुढे बोलावलं. मी उठले आणि सगळ्यांसमोर दुपट्टा सोडला. वाटलं, गाण्यांत एवढं ऊन आहे, माझ्या चेहऱ्यापुरतं असेलच.

प्रशिकने पाहिलं. मग माइकमध्ये हसला. "काय फसवलं ना तुमाले! हे रोशनी, आमच्या खालच्या लॅबमधली. गाण्यातली पोरगी तर डोक्यातलीच आहे, राजेहो!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. तो गायला लागला, आणि मेला सुरेल गायला.

नंतर त्याने मला जिन्यात गाठलं. "आधी काहून नाही सांगितलं? लोकाईपुढे मी कसा दिसलो असतो?"

"आणि मी कशी दिसले?"

"तुझे डोळे लय भारी आहेत, रोशनी. पण गाण्यातल्या पोरीले चेहरा नसलेलाच बरा. मंग ऐकणाऱ्या प्रत्येकाले ते आपलीच वाटते."

खोटं बोलला असता तर मी थोबाडीत दिली असती.

त्याने मोबाइल काढला. "पोस्टरसाठी एक फोटो पाहिजे. दुपट्टा बांधून घे ना."

मनातल्या मनात मी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. हात मात्र वर गेले. मी दुपट्टा बांधला, नीट, एकही डाग दिसणार नाही असा, आणि तो "हस" म्हणाला तेव्हा डोळ्यांनी हसलेसुद्धा.