धूर ओढतात, वाफ घेतात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं, जिन्यावर माणसं, आणि ज्यांना यापैकी काहीच मिळालं नाही ती माणसं इतरांच्या खांद्यांवरून माना काढून उभी. व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले निर्धूम महाराज, आणि त्यांच्यासमोर हातात सिगारेटचं पाकीट घेऊन उभा असलेला कारखान्यातला एक लेथवाला.

"कधीपासून ओढतोस, बाळ?"

"शाळा सुटली तेव्हापासून."

"आणि सोडण्याचे प्रयत्न?"

"ते बायकोला विचारा, महाराज. तिनं पाठ केलेत."

लोक हसले. महाराजही हसले, पण बेतानं. मग त्यांनी बोट खाली केलं. लेथवाल्यानं पाकीट जमिनीवर टाकून बुटानं चिरडलं. महाराजांनी बाहीतून पेनाएवढी पांढरी कांडी काढली.

"आता ही घे. हां, ओढायची नाही! धूर ओढतात, वाफ घेतात. घे."

लेथवाल्यानं कांडी ओठांना लावली. टोकाला निळा दिवा लागला, आणि त्याच्या तोंडातून ढगच्या ढग बाहेर पडले. पुदिन्याचा वास मागच्या रांगेपर्यंत गेला. दोन वेळा, तीन वेळा.

"आता सांग. सिगारेट हवी?"

तो थांबला. स्वतःच्या पोटात डोकावून बघावं तसा थांबला. मग त्याचा चेहराच बदलला. "नाही! खरंच नको वाटतेय!"

"अग्नी नाही!" महाराज गरजले.

"राख नाही! धूर नाही!" सभागृहानं साथ दिली.

पाचव्या रांगेत शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. लेथवाला त्यांचा धाकटा भाऊ. त्याच्या खोकल्यावरून त्यांनी इतकी वर्षं त्याला इतकं सुनावलं होतं, की आता टाळ्या वाजवायला सगळ्यांत आधी त्यांनीच उठायला हवं होतं. हात वरही आले होते. पण ते अर्ध्यावर राहिले. व्यसन असेल तर ते तीन श्वासांत सुटत नाही, आणि तीन श्वासांत सुटलं तर त्याला व्यसन कशाला म्हणायचं? बाई खुर्चीत चुळबुळत राहिल्या. आनंदाच्या वेळी शंका यावी, ही शिक्षिकेची वाईट खोड.

महाराज हुशार. त्यांनी आपल्या कांडीला परदेशी नाव दिलं नाही, संस्कृतही दिलं नाही. त्यांनी तिला नाव दिलं 'वाफारा'. आता सांगा, वाफाऱ्याला कोण भिणार? लहानपणी नाक चोंदलं की आई पातेल्यात पाणी उकळायची, डोक्यावरून टॉवेल टाकायची, मान धरून खाली दाबायची आणि म्हणायची, "घे, मोठा श्वास घे." त्या एका शब्दात आईचा हात होता. महाराजांनी तो हात फुकटात उचलला आणि आपल्या दुकानाच्या पाटीवर लावला.

मग काय, शहरभर वाफारे सुरू झाले. दवाखान्यात रांगेत बसलेले लोक वाफारा घेत. शाळेच्या शिक्षककक्षात 'धूम्रपान करू नये' या पाटीच्या बरोब्बर खाली मुख्याध्यापक वाफारा घेत. बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "बाई, यात धूम्र कुठंय?" सिगारेट ओढणारे लपून ओढत. वाफारा मात्र लोक एकमेकांना देत, पाहुण्यांना विचारत, "घेणार का?" आणि ज्यांनी जन्मात सिगारेट हातात धरली नव्हती, तेही म्हणू लागले, "घेऊ की. वाफच आहे."

एके संध्याकाळी बाई भावाकडे गेल्या. दार भावजयीनं उघडलं. ती बसस्थानकावर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, हे सगळं शहर तिच्या आवाजात ऐकतं. सहावा महिना लागला होता आणि सर्दीनं आवाज पार बसला होता. तिच्या हातात ती पांढरी कांडी होती.

"अगं, हे काय?"

"वाफारा, ताई."

"तू कशाला घेतेस?"

"सिस्टरच म्हणाल्या ना. या दिवसांत गोळ्या नकोत, वाफ घे. घसा मोकळा झाला पाहिजे, नाहीतर माईकवर बोलू काय?"

"वाफ म्हणजे पातेल्यातली!"

"पातेलं घेऊन केबिनमध्ये बसू?" ती हसली, आणि हसता हसता परत कांडी ओठांना लावली. बाईंनी ती हिसकावूनच घेतली असती. पण आतून भाऊ आला आणि म्हणाला, "ताई, तू ना, चांगलं काही झालेलं तुला बघवतच नाही." ते मात्र बाईंना लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, ही विजेवर चालणारी सिगारेट आहे."

"तसं म्हणू नका, बाई. नियमात लिहिलंय, 'जाळून धूर काढणारी वस्तू.' इथं काही जळत नाही, धूर निघत नाही. आणि नाव काय? वाफारा. वाफाऱ्यावर बंदी घातली तर उद्या घराघरातली पातेली जप्त करू का मी?"

"आत काय आहे ते तरी बघाल?"

अधिकारी वाईट माणूस नव्हता. नियम ज्या शब्दात लिहिलेला त्या शब्दापलीकडे पाऊल टाकायचं नाही, एवढंच त्याला नोकरीनं शिकवलं होतं. त्यानं एक केलं: दुकानातला नमुना तपासायला पाठवला आणि नगर परिषदेची सुनावणी होईपर्यंत विक्री थांबवली. महाराजांनी त्याच सुनावणीसाठी अर्ज टाकला, की वाफाऱ्याला 'आरोग्य साधन' म्हणून मान्यता द्यावी आणि शाळा-दवाखान्यांत तो खुला करावा.

दुकान बंद झालं, घरातल्या कांड्या संपल्या, तसं शहराचं डोकं फिरलं. बसच्या रांगेत ढकलाढकली, बाजारात वादावादी. कारखान्यात लेथवाल्यानं मापात चूक केली आणि उलट फोरमनवरच ओरडला. मुख्याध्यापक घंटा व्हायच्या आधीच वर्गातून बाहेर पडायला लागले आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागले. भावजय घरात एका जागी बसेना. नखं कुरतडून कुरतडून तिची बोटं लाल झाली होती, आणि दूध उतू गेलं एवढ्यावरून ती ढसाढसा रडली.

महाराज म्हणत फिरत होते, "पाहा! शुद्धीची सवय झालेलं शरीर अशुद्ध हवेत तडफडतंय!" चोराच्या उलट्या बोंबा, पण लोकांना त्या पटत होत्या. ज्याच्या जिवाची तगमग होते त्याला कारण नको असतं, उतारा हवा असतो.

सुनावणीच्या दिवशी नगर परिषदेचं सभागृह तुडुंब भरलं. पण ही पहिल्या सभेची गर्दी नव्हती. कुणी पाय हलवत होतं, कुणी बोटांनी बाक वाजवत होतं, कुणी उगाचच शेजाऱ्यावर खेकसत होतं. नगराध्यक्षांनी तीनदा शांत राहायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना त्यांचाच आवाज चढला. त्या स्वतःही वाफारा घेत.

बाईंनी तयारी केली होती. त्यांनी दोन काचा आणल्या. एकीवर किटलीतली वाफ धरली, दुसरीवर अधिकाऱ्यांकडच्या नमुन्याच्या कांडीतला ढग एकाला सोडायला लावला. पहिली काच थोड्या वेळात वाळून लख्ख झाली. दुसरीवर चिकट, धुरकट थर राहिला. बाईंनी तो बोटानं पुसून दाखवला. "पाण्याची वाफ असती तर उडून गेली असती. हे पाणी नाही. हे दुसरंच काहीतरी आहे, आणि तेच तुमच्या फुप्फुसात बसतंय."

महाराजांनी हळूच हात जोडले.

"बाईंचे आभार! पाणी उडून जातं, माझा गुण मागे राहतो. हे मी सांगितलं असतं तर जाहिरात झाली असती. बाईंनी सिद्ध करून दाखवलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई दोन काचा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आता मान्यता मिळणार, आणि पुढचे तीन महिने आपली भावजय हे उघडपणे, सन्मानानं घेत राहणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

"मला बोलायचंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. आवाज घोगरा होता, पण ओळखीचा. भावजय बाकाला धरून उठली होती. लेथवाला तिला खाली ओढत होता. तिनं त्याचा हात झटकला.

"मला सिगारेटचा तिटकारा आहे. यांची पाकिटं मी खिडकीतून फेकलीत, अख्खी चाळ साक्षीला आहे. मी स्वतः कधी झुरका घेतला नव्हता." ती थांबली. "मंगळवारपर्यंत."

"ए, काय बोलतेस?" लेथवाल्याचा आवाज चिरकला.

"वाफारा बंद झाला आणि मला काही सुचेना. डोकं ठणकत होतं, माईकवर शब्द चुकत होते. दुपारी डेपोच्या मागं एक ड्रायव्हर सिगारेट ओढत होता. मी त्याच्याजवळ गेले. का गेले, मला कळत नव्हतं. मी त्याच्या हातातून ती घेतली. या पोटानिशी. दोन झुरके ओढले." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती थांबली नाही. "आणि सगळं शांत झालं. महाराज, मला एवढंच सांगा. मी तर वाफ घेत होते ना? मग वाफेची भूक सिगारेटनं कशी भागली?"

बाक वाजवणारी बोटं थांबली. बाईंना एकेक चेहरा बदलताना दिसला. कारण त्या खोलीत अर्ध्याअधिक लोकांनी त्या दिवसांत चोरून सिगारेट पेटवली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच तेवढे कच्चे निघालो.

"हे... हे पूर्वसंस्कार असतात," महाराज म्हणाले.

"तिला कुठले पूर्वसंस्कार? तिनं ओढलीच नव्हती!" मागून कुणीतरी ओरडलं.

आता नेमकं बोट कुठं ठेवायचं ते बाईंना सापडलं. "महाराज, कांडीतल्या अर्कात काय आहे?"

"निसर्ग आहे, बाई. पुदिना आहे. वनस्पती आहे."

"कुठली वनस्पती?"

"अनेक गुणकारी वनस्पती..."

"तंबाखू पण वनस्पतीच आहे. ती आहे का?"

महाराज पाणी प्यायले. बाई आरोग्य अधिकाऱ्यांकडे वळल्या. "साहेब, नमुन्यात काय निघालं?"

अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. "निकोटिन. भरपूर."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"अर्जात विचारलंय, वाफाऱ्याला मान्यता द्यावी का. आत काय आहे ते अर्जात विचारलेलंच नाही."

कुणी हसलं नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं आपण चेष्टेनं म्हणतो. इथं कथलाचा वाळा सगळ्यांच्या खिशात होता.

बाईंनी फळा मागितला नाही, पण त्या शिकवल्यासारख्याच बोलल्या. "सिगारेटमध्ये माणसाला बांधून ठेवतं ते निकोटिन. महाराजांनी तुमची सिगारेट सोडवली नाही. तोच दोर दुसऱ्या खुंटीला बांधला. माझ्या भावाला तीन श्वासांत सिगारेट नकोशी झाली, कारण ती त्यानं तेव्हाच घेतली होती! कांडीतून. डॉक्टर लोक सिगारेट सोडवायला कधीकधी निकोटिन देतातही. पण निकोटिन म्हणून देतात, मोजून, आणि हळूहळू कमी करत. वाफ म्हणून गरोदर बाईच्या हातात देत नाहीत."

नगराध्यक्षांनी आपल्या पर्समधली संपलेली कांडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि टेबलावर ठेवली. नियमात नवं नाव घालायचं ठरलं. तेव्हा बाईच म्हणाल्या, "नुसतं नाव घालू नका. उद्या ते दुसरं नाव काढतील. ज्यात निकोटिन आहे ते सगळं, नाव काही असो, असं लिहा." तसं लिहिलं गेलं. मुलांना विक्री बंद, बंद जागेत वापर बंद, आणि डबीवर मोठ्या अक्षरांत, 'विजेवरची सिगारेट'.

कांडी तीच होती, पुदिना तोच होता. पण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक ती शाळेच्या फाटकाबाहेर, भिंतीकडे तोंड करून ओढत होते. हो, ओढत होते; घेत नव्हते. महाराजांनी गाशा गुंडाळला. कुठल्याशा शहरात ते आता श्वासाचं अत्तर विकतात असं कानावर येतं.

भावजयीला सोडणं सोपं गेलं नाही. ती चिडायची, रडायची, बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. लेथवाल्यानंही तिच्याबरोबर कांडी सोडायला घेतली. दोघं एकमेकांवर खेकसत आणि एकमेकांना सावरत. एकदा तिनं विचारलं, "ताई, बाळाला काही झालं असेल का हो?"

बाईंना खोटं बोलावंसं वाटलं. खूप वाटलं.

"माहीत नाही गं. डॉक्टर म्हणतात, सोडलंस ते बाळाच्या भल्याचंच झालं. एवढंच मला माहीत आहे."

"वाफारा म्हणाले म्हणून घेतला हो मी. सिगारेट म्हणाले असते तर हातही लावला नसता."

हे वाक्य बाईंना अजून झोपू देत नाही, आणि ते तुम्हालाही अस्वस्थ करो. ढग पाहून डोळे दिपले, गर्दीनं टाळ्या वाजवल्या, नाव आईच्या तोंडचं वाटलं, तरी हात पुढं करण्याआधी एक प्रश्न विचारा: यात आहे काय? आणि सांगणारा नुसतंच नाव सांगत राहिला, तर काहीतरी लपवलंय, हेच उत्तर समजा.