नुसती वाफ आहे ती!

ताईच्या घरात खिडकीवरून रोज खटके उडायचे. सून खिडकी लावायची, ताई उघडायची. समोरच कारखान्याची भिंत आणि तिच्यामागे धुराडं! पण धूर पांढराशुभ्र, आणि ताईचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात पाळीचा प्रमुख. मग काय विचारता! शेजारपाजारचं कुणी तक्रारीचं बोललं, की ताई कंबर कसून उभी.

"अहो, माझा भाऊ आहे तिथे! नुसती वाफ आहे ती."

त्या दिवशी पाळीवर जाता जाता भाऊ डोकावला, तेव्हाही ती शेजारणीला हेच सुनावत होती. खिडकीखाली पाळण्यात नातू होता. श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जात होती.

"मामा, सकाळपासून असंच चाललंय. आई ऐकतच नाहीत," सून रडकुंडीला येऊन म्हणाली.

भावाला कारण लगेच उमगलं. कारखान्यात भट्टीच्या धुरावर पाण्याचे तुषार सोडत. त्यांना विजेचा भार दिला, की घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटावेत तशी बारीक धूळ त्यांना चिकटे. पण भार देणारं यंत्र ओलीनं सारखं बंद पडायचं आणि ते सुकवायचं तर भट्टी थांबवावी लागे. भावानं सोपी वाट काढली होती. वीज बंद, पाणी चालू! धूर पांढराच दिसे, बारीक विषारी धूळ मात्र बिनबोभाट बाहेर पडे.

"ताई, खिडकी लाव," तो कसाबसा म्हणाला.

"का रे?"

त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. ताईनं खिडकीला हात घातला.

"यंत्र बिघडलं, त्यात तुझा काय गुन्हा? पण तू ते लपवलंस! तुझ्या भरवशावर मी सगळ्या गल्लीचं तोंड बंद केलं रे! आता माझी खिडकी लागेल, बाकीच्यांच्या लेकरांचं काय?"

सून बाळाला घेऊन दवाखान्यात धावली. भावानं तडक जाऊन भट्टी थांबवली. लगेच व्यवस्थापकांचा फोन.

"धूर पांढराच आहे ना? मग थांबवलीत कशाला?"

"पांढरा आहे म्हणूनच कुणी विचारत नाही, साहेब! यंत्र सुकल्याशिवाय भट्टी पेटणार नाही. नोकरी गेली तरी चालेल."

तिकडे ताई दारोदार फिरत होती. "तुमचंच खरं होतं. चला, जाब विचारायला मी पुढे होते."

वाचकहो, आपल्या माणसावर विश्वास जरूर ठेवा. पण त्याच्या जोरावर शेजाऱ्याला गप्प करण्याआधी त्या माणसाला एकदा तरी विचारा, की बाबा रे, यंत्र खरंच चालू आहे ना?