माळेच्या भरवशावर

या, असे पुढे सरकून बसा. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. टाळ अजून खालीच आहेत, कीर्तनाच्या बुवांचा चहा व्हायचा आहे, तेवढ्या वेळात सांगून होईल. तो खांबाजवळ, अगदी पुढे बसलेला म्हातारा दिसतो ना, पांढऱ्या टोपीचा? ते दिग्रसचे बापूजी. ही त्यांची गोष्ट. घरी जाताना ती तुमच्यासोबत येईल, एवढं आधीच सांगून ठेवतो.

बापूजींचा जन्म गेला जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. कापूस सुरू झाला की यंत्रांची ती घरघर, सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि माणसाशी बोलायचं तर हातवारे करूनच. त्या घरघरीनं त्यांचे कान खाल्ले. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग बायकोची, मैनाबाईंची हाक गेली. कीर्तन सगळ्यात शेवटी गेलं. तरी सप्ताह कुठंही असो, बापूजी पहिल्या रांगेत. बुवांच्या ओठांवर डोळे लावून बसायचे, लोक हसले की हसायचे.

"दुसऱ्याचं पाहून हासता तुमी," मैनाबाई म्हणायच्या. त्यांना ऐकू जावं म्हणून हे आळीभर ऐकू जाई.

"हासतो तं खरं ना?"

एकदा जिनातल्या कारकुनानं गंमत म्हणून आपल्या मोबाइलची वायर त्यांच्या कानात घातली आणि आवाज पूर्ण वाढवून कीर्तन लावलं. बापूजी रुईच्या ढिगावर बसूनच राहिले. दोन चरणांच्या मध्ये बुवा श्वास घेतात, तोसुद्धा ऐकू आला म्हणे. त्या दिवसापासून त्यांना मोबाइल हवा होता. नव्याची ऐपत नव्हती.

दारव्ह्याच्या सप्ताहात, महाप्रसादाच्या पंगतीत, शेजारी एक माणूस बसला. अनोळखी, पण गळ्यात तुळशीची माळ. तुम्हाला ठाऊक आहे आपली रीत, माळ दिसली की नाव-गाव नंतर, आधी एकमेकांच्या पायांना हात. तसं झालं. मग तो काहीतरी बोलला. बापूजींनी कानाकडे बोट दाखवलं. त्यानं चिडचिड केली नाही, तोंड अगदी कानाशी आणून पुन्हा बोलला.

"माउली, मोबाइल घ्याचा काय? साळ्याचा हाय माह्या. त्यानं नवा घेतला, हा पडून हाय."

दुसऱ्यांदा बोलायला न कंटाळणारा माणूस बापूजींना फार दिवसांनी भेटला होता. व्यवहार तिथंच, हात धुण्याच्या नळापाशी झाला.

घरी मैनाबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. "बिल?"

"माळकऱ्याले बिल मांगू का? एका पंगतीत बसून?"

"मांगाले काय झालं? माळ काय, कोनी बी घालते."

"तसं बोलू नये," बापूजी म्हणाले, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ते बसस्टँडजवळच्या रामधनच्या दुकानात गेले. रामधन मोबाइल दुरुस्त करतो. त्यानं तो उलटापालटा केला.

"काका, याचा डबा कुठी हाय? बिल? बिनाबिलाचा कायले घेतला? चोरीचा निंघाला तं?"

"पंगतीतला मानूस हाय तो."

"पोलिसाले पंगत सांगसान काय?" रामधन हसला, आणि हसता हसता थांबला. "यात तं कोनाचं सारंच हाय अजून. लॉक बी नाई ठेवला. फोटू हायेत. आन् गानेच गाने. कोनी पोरगा गाऊन राह्यला, डफड्यावर. आवाज गोड हाय बरं. आयकता काय?"

बापूजींनी मान हलवली. "परक्याचं घर हाय ते. दार उघडं दिसलं म्हनून आपून आत डोकावावं काय? पुसून टाक सारं."

"सारं?"

"सारं पूस. आन् कीर्तनं भर."

रामधननं पुसलं. मग जागा उरेपर्यंत कीर्तनं भरली.

पुढचे काही महिने बापूजींच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. पोळ्या खाताना वायर कानात, रुईच्या गाठी बांधताना वायर कानात. मैनाबाईंच्या हाकेला आता दुहेरी अडचण. पण त्या कुरकुरल्या नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचं पाहून हसणारा नवरा आता एकटाच हसत होता, आपल्या कानानं ऐकून.

मग पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. मोबाइल घेऊन या.

बापूजी गेले तेव्हा बाकावर एक बाई बसली होती. पांढरं पातळ, मांडीवर मोबाइलचा रिकामा डबा, दोन्ही हातांनी धरलेला. फुलसावंगीची सत्यशीला. हवालदारानं डब्यावरचा नंबर आणि मोबाइलमधला नंबर ताडून पाहिला. जुळला.

तिचा मुलगा संघदीप दारव्ह्याच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. लोक धावले, त्याला गाडीत घातलं. त्या गर्दीत कुणीतरी त्याचा मोबाइल उचलला. पोरगा घरी आला, मोबाइल आला नाही. तिनं डब्यावरच्या नंबरावरून तक्रार दिली होती, आणि बापूजींचं सिमकार्ड त्यात पडलं तसा माग निघाला.

ती काहीतरी बोलली. बापूजींना ओठ हललेले दिसले.

"माय, जोरानं बोल. मले आयकू येत नाई."

ती पुन्हा बोलली. त्यांनी कान पुढे केला. "आं?"

तेव्हा त्या बाईला ठाण्याच्या भर खोलीत, चार अनोळखी माणसांसमोर ओरडून सांगावं लागलं. "माह्या पोराचे गाने हायेत त्याच्यात. भीमजयंतीले गाये तो. गाने बी सोताच जोडे. मले मोबाइल नोको, तुमीच ठेवा. फकस्त त्याचा आवाज द्या."

हे बापूजींना स्पष्ट ऐकू आलं.

हवालदार मोबाइल चाळत होता. "बाई, यात तं कीर्तनंच हायेत."

"नीट पाहा साहेब. लॉक नवता ठेवला त्यानं. मले उघडता येत नाई म्हनून."

रामधनला बोलावून आणलं. तो आला, मोबाइल हातात घेतला, बराच वेळ बोटं फिरवत राहिला. मग कुणाकडेही न पाहता म्हणाला, "पुसलं असतं आन् तसंच ठेवलं असतं, तं काई तरी निंघालं असतं. वरून भरलं ना आपून."

सत्यशीला बापूजींकडे पाहत होती. "तुमी आयकले का पन? पुसाच्या आधी? एकांदं तरी?"

"नाई माय."

"एक बी नाई?"

"परक्याचं म्हनून नाई आयकलं."

तिनं शिवी दिली असती, अंगावर धावली असती तर बापूजींना सोसलं असतं. ती नुसती डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबत राहिली.

हवालदार लिहायला बसला. "कोनापासून घेतला? नाव सांगा, बाबा."

त्या माळकऱ्यानं सांगितलेलं नाव-गाव बापूजींनी सांगितलं. त्या गावात त्या नावाचं कुणी नव्हतं, हे मागाहून कळलं.

"दिसाले कसा होता? काई निशानी?"

बापूजींचा हात आपसूक गळ्याकडे गेला आणि तिथंच थांबला. मला त्यांनी नंतर सांगितलं. म्हणाले, माळ म्हणून सांगावं तर सगळ्या माळा चोर होतात, न सांगावं तर तो एकटा सुटतो.

"ध्यानात नाई," ते म्हणाले.

सत्यशीलानं तो हात पाहिला होता. ती उठून जवळ आली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं, अगदी तसंच, जसं त्या माणसानं पंगतीत नेलं होतं.

"बाबाजी, काय होतं त्याच्या गळ्यात?"

बापूजींनी डोळे मिटून घेतले. "माळ," ते म्हणाले. "तुळशीची. माह्यावानीच."

"मंग तं झालं," हवालदार म्हणाला. "अर्धा जिल्हा धरून आना लागन."

कुणी हसलं नाही. मोबाइल जमा करायचा होता. पाकिटात जाण्याआधी तिनं तो एकदा मागितला. हवालदारानं दिला. तिनं स्वतःच बोट लावलं, बापूजींनी शेवटचं ऐकलेलं कीर्तन जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं. तिनं ते उभ्यानं ऐकलं. टाळांचा गजर संपला, बुवा पुढच्या चरणाला श्वास घेतात तिथपर्यंत. मग बंद करून परत दिला.

जाताना बापूजी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं खांदे धरून त्यांना उभं केलं, काही म्हणाली, आणि रिकामा डबा पदरात घेऊन बसस्टँडकडे चालू लागली. ती काय म्हणाली ते बापूजींना ऐकू आलं नाही. "पुन्हा बोल" म्हणायची त्यांची छाती झाली नाही. तिनं क्षमा केली की काय केलं, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

तो माणूस सापडला नाही. कागद पुरे झाल्यावर मोबाइल फुलसावंगीला गेला, कीर्तनांसकट.

वायर तेवढी बापूजींकडे राहिली. ती पाहा, खिशातून बाहेर आली आहे. कीर्तन सुरू झालं की ते ती दोन्ही कानांत घालतील. दुसरं टोक खिशात नुसतं पडलेलं असतं. नवीन माणसांना वाटतं, म्हातारा ऐकतोय. मागे एकदा मध्यंतरात मला त्यांनी विचारलं, "कसा गात असंन हो तो?" मी काय सांगणार. मीही ऐकलेलं नाही. रामधनला विचारलं तर म्हणतो, आवाज गोड होता, चाल आठवत नाही.

बुवा उठले. टाळ घ्या हाती. एवढंच मागणं आहे. गजर थांबतो आणि बुवा पुढच्या चरणासाठी श्वास घेतात, त्या रिकाम्या जागेत फुलसावंगीच्या संघदीपची आठवण करा. तुम्ही त्याला ऐकलेलं नाही. तरी करा.